झोपतानाची गमतीशीर गोष्ट: मुलाचं डोकंही चाललं पाहिजे आणि झोपही लागली पाहिजे

रात्री गोष्ट सांगणाऱ्या आईबाबांकडून मला दोनच तक्रारी ऐकू येतात. एक म्हणजे गोष्ट ऐकून पोर इतकं चेकाळतं की तासभर झोपायचं नाव नाही, आणि दुसरी म्हणजे आपण जीव तोडून सांगतोय आणि ते भिंतीकडे तोंड करून नुसतं हं हं करतंय. दोन्हीकडे गोष्ट वाईट असते असं नाही, क्रम चुकलेला असतो. धमाल शेवटी येते, प्रश्न नको तिथे येतात, आणि मुलाला डोकं चालवायला जागाच उरत नाही कारण सगळं आपणच सांगून मोकळे होतो.

खाली जे लिहिलंय ते साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पुस्तक वाचून दाखवणं वेगळं, ते जरूर करा, पण इथे आपण तोंडी, मनाने रचलेल्या गोष्टीबद्दल बोलतोय, जिच्यात काहीतरी उलटंपालटं घडतं.

१. तयारी संध्याकाळी करा, आणि शेवट आधी ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अंथरुणावर पडल्यावर आपण विचार करायला लागतो, तोवर दिवसभराच्या कामाने आपलंच डोकं बंद पडलेलं असतं, मग 'एक राजा होता, त्याला, अं, तीन मुलं होती' असं सुरू होतं आणि पुढे काय ते आपल्यालाच माहीत नसतं. मूल हे बरोबर ओळखतं. संध्याकाळी पाच मिनिटं काढा, भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कधीही, आणि चार गोष्टी मनाशी पक्क्या करा: गोष्टीतलं मुख्य पात्र शेवटी कुठे आणि कसं झोपणार, ते पात्र कोण, त्याच्यात विचित्र काय, आणि त्यामुळे अडचण काय येते. याच क्रमाने. झोपायची जागा आधी ठरली की मधली गोष्ट कितीही भरकटू दे, तुम्हाला परत कुठे यायचंय ते ठाऊक असतं.

काहीच सुचत नसेल तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन शब्द घ्या. इटलीचे बाललेखक जानी रोदारी यांनी ही युक्ती नीट मांडून ठेवलीय, एका मुलाने फळ्याच्या एका बाजूला शब्द लिहायचा, दुसऱ्याने मागच्या बाजूला, एकमेकांचं न बघता, आणि मग त्या दोघांची गाठ घालायची. आपल्या मराठीत तर हे आणखी सोपं, कारण नुसते प्रत्यय बदलले की नवी गोष्ट तयार. मुंगी आणि छत्री घ्या. मुंगीची छत्री. छत्रीतली मुंगी. छत्रीवरून मुंगी. मुंगीला छत्री. मुंगीशिवाय छत्री. यातलं 'मुंगीची छत्री' म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, केवढी असेल ती, आणि मुंगीला पावसाचा एक थेंब म्हणजे डोक्यावर अख्खी टाकीच की, मग ती छत्री टिकेल कशी? झाली गोष्ट सुरू. 'छत्रीवरून मुंगी' म्हटलं तर वेगळीच गोष्ट, ती घसरगुंडी खेळतेय.

चेक: ठरवलेली गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते का बघा. येत नसेल तर ती खूप मोठी झालीय, अर्धी उद्यासाठी ठेवा.

२. एकच नियम मोडायचा, बाकी सगळं नेहमीसारखं

गमतीशीर गोष्ट म्हणजे जे सुचेल ते घालायचं असं बरेच जण समजतात. हत्ती उडतोय, झाड बोलतंय, छडी फिरवली की महाल, तेवढ्यात आकाशातून यान आलं. ऐकायला भारी वाटतं पण मुलाच्या बाजूने बघा, जिथे काहीही होऊ शकतं तिथे नवल कशाचं वाटणार आणि विचार तरी कशाचा करायचा? अडचण आली की जादू आहेच.

म्हणून एकच अशक्य गोष्ट घ्या आणि ती अगदी खरी मानून पुढे चला. मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट भुरभुर नावाच्या ढगाची आहे. ढग उशीएवढा, खिडकीतून आत येतो आणि कपाटात जाऊन बसतो. नियम एकच: तो हसला की पाऊस पडतो. बाकी घर साधं, कपाट साधं, कपडे साधे. आता कपाटात कपडे वाळलेले राहायला हवेत, ढगाला हसायचं नाहीये, आणि तिथेच एक लोकरीचा मोजा आहे जो अंगाला लागला की गुदगुल्या होतात. बघा, एका नियमातून अडचण आपोआप आली, मला ती वरून आणावी लागली नाही.

नियम मध्येच बदलू नका. ढग हसून पाऊस पडला नाही असं एकदा जरी झालं ना, पोर उठून बसतं आणि विचारतं, का नाही पडला? आणि ते बरोबर असतं. मुलं स्वतः खेळतानाही असे नियम फार काटेकोर पाळतात, उशी म्हणजे होडी ठरली की उशीच्या बाहेर पाय टाकला की तुम्ही बुडालात.

३. गोष्टीच्या आधीचं सगळं गोष्टीच्या आधीच

यात फार शिकण्यासारखं नाही, पण चुकलं की पुढचं सगळं वाया जातं. दात घासणं, शू, पाणी, कपडे बदलणं, उद्याचं दप्तर, हे सगळं आधी. गोष्ट रंगात आलेली असताना 'तहान लागली' झालं की उतरती लय तुटते आणि परत पहिल्यापासून.

वेळ उलटी मोजा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून २४ तासांत १० ते १३ तास झोप हवी, ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२ तास. म्हणजे पाच वर्षांचं मूल दुपारी झोपत नसेल आणि सकाळी ७ ला उठत असेल तर रात्री ९ ला झोप लागलेलीच पाहिजे. गोष्टीला १५ मिनिटं, झोप लागायला १५-२० मिनिटं, म्हणजे सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यान गोष्ट सुरू. लोक ९ ला गोष्ट सुरू करतात आणि मग घाईत गुंडाळतात.

स्क्रीन निदान तासभर आधी बंद. फोन खोलीच्या बाहेर ठेवा, तुमचासुद्धा. उजेड मंद करा पण पहिली काही मिनिटं तुमचा चेहरा दिसेल इतका असू द्या, लहान मुलांना तोंडाचे हावभाव लागतात. बसून सांगण्यापेक्षा शेजारी आडवं होऊन सांगितलेलं चांगलं, आवाज कानाजवळून येतो आणि तो आपोआप लहान होतो.

सूचना: मूल आधीच खूप दमून चिडचिड करत असेल तर त्या दिवशी नवी गोष्ट नको. जुनी, माहितीतली, छोटी सांगा.

४. सुरुवात रोज एकाच वाक्याने

कुठलंही एक वाक्य ठरवा आणि बदलू नका. आमचं आहे, 'दिवा लहान झाला, आवाज लहान झाला, आता गोष्ट मोठी.' हे वाक्य आलं की पोराला कळतं की आता उड्या बंद. पहिल्या दोन वाक्यांत पात्र आणि जागा, तिसऱ्या वाक्यात ते विचित्रपण, त्याच्या आधी लांबण लावू नका. 'फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या गावात एक सुंदर बाग होती आणि त्या बागेत' इथपर्यंतच चार वर्षांचं मूल चादरीचा दोरा काढायला लागलेलं असतं.

इथे आवाजाच्या शब्दांचा भरपूर वापर करा. खुडबुड, फडफड, सळसळ, टपटप, रिमझिम, कुजबुज, चुळबुळ. मुलाला यातून चित्र दिसतं, तुम्हाला वर्णन करत बसावं लागत नाही. 'कपाटातून आवाज आला' आणि 'कपाटात खुडबुड झाली' यात किती फरक आहे बघा. एक आवाज मुलाला वाटून द्या, तो शब्द आला की तो त्यानेच काढायचा. माझ्या धाकट्याकडे पावसाचं खातं होतं, ढग हसला की टपटप तो करायचा.

५. मधला भाग: इथे गप्प बसता आलं पाहिजे

या लेखातलं हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. मूल जिथे स्वतः काहीतरी जोडतं तिथे त्याची कल्पनाशक्ती कामाला लागते, आणि त्यासाठी तुम्हाला थांबावं लागतं.

अडचण आली की थांबा आणि विचारा. पण कसं विचारायचं? 'ढग घाबरला का?' याला हो किंवा नाही एवढंच उत्तर. 'ढग कशापासून बनतो?' ही परीक्षा झाली, झोपायच्या वेळी परीक्षा नको. 'आता त्याला कुठे लपवायचं?' हा प्रश्न बरोबर, कारण याचं उत्तर तुमच्याकडे पण नाहीये. विचारल्यावर मनातल्या मनात सावकाश सातपर्यंत आकडे मोजा. हे सात आकडे फार लांब वाटतात, तीनवरच आपली जीभ वळवळायला लागते आणि आपण म्हणतो, बादलीत लपवूया का? संपलं, मूल म्हणतं हो.

एकदा माझ्या मुलाला सांगताना मी बादलीच मनात धरली होती, पण गप्प बसले. बराच वेळ काही नाही, मला वाटलं झोपला. मग अंधारातून आवाज, 'माझ्या बुटात.' आता तोंडावर आलेलं वाक्य होतं, अरे उशीएवढा ढग बुटात कसा मावेल. ते गिळलं आणि विचारलं, डाव्या का उजव्या? तर म्हणे, 'उजव्या, डाव्यात खडा आहे.' आणि खरंच होता खडा, दुपारी मैदानावरून आला होता, मला माहीत नव्हतं. मग पुढे त्यानेच सांगितलं की ढगाला दाबून दाबून बारीक करायचं, पण हळू, नाहीतर त्याला गुदगुल्या होतील. नियम त्याने पाळला होता, मी आठवण करून द्यायची गरज पडली नाही.

मुलाचं उत्तर कसंही असो, करायचं एवढंच: ते घ्या, थोडं वाढवा, आणि त्यालाच परत द्या. 'बुटात' म्हणालं की, 'हो, बुटात, नाडीच्या खालून हळूच आत सरकला, आणि आत काय दिसलं त्याला?' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चित्रांची पुस्तकं वाचून दाखवण्याची जी पद्धत तपासली होती तिचा गाभा हाच, प्रश्न विचारणं आणि मुलाचं उत्तर वाढवून देणं, आणि तशा वाचनाने मुलांचं बोलणं सुधारल्याचं त्यांना दिसलं होतं.

प्रश्न किती? दोन, फार तर तीन. त्याच्यावर गेलात की गोष्ट राहत नाही, मुलाखत होते.

या टप्प्यावर हमखास होणाऱ्या चुका:
- 'असं कसं होईल?' म्हणणं. एकदा म्हटलंत की पुढचे आठ दिवस मूल तुम्हाला आवडेल तेच उत्तर देतं.
- मुलाचं उत्तर ऐकून 'वा, छान' म्हणायचं आणि मग आपलीच ठरलेली गोष्ट पुढे न्यायची. त्याला कळतं की त्याचं घेतलं नाही.
- मूल बोललं नाही म्हणून परत परत टोचणं. नाही बोललं तर नाही, 'मग भुरभुरने स्वतःच जागा शोधली' म्हणा आणि पुढे चला. काही मुलं महिनाभर नुसती ऐकतात आणि मग एक दिवस अख्खी गोष्ट आपणच सांगतात.
- मारामारी आणि धडाम धुडूम आलं की ओरडणं. काही पोरं प्रत्येक गोष्टीत बॉम्ब आणतात. येऊ द्या बॉम्ब, फक्त तो फुटल्यावर त्यातून साबणाचे फुगे बाहेर आले असं करा आणि ते हळूहळू खाली येतायत इथे नजर लावा.

दोन मुलं असतील तर प्रश्न वाटून द्या, एकाने जागा सांगायची, दुसऱ्याने पुढे काय झालं ते. एकाच प्रश्नाला दोघं उत्तर द्यायला गेली की भांडण ठरलेलं.

६. उतार: शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न नाही

अडचण सुटली की गोष्ट संपली असं समजून लोक 'चला झोपा आता' म्हणतात. नाही, झोपेचं काम इथून सुरू होतं. अडचण सुटल्यावर पात्र परत येतं, दमतं, आपली जागा शोधतं, अंगाची मुटकुळी करतं आणि झोपतं, हे सगळं सावकाश सांगायचं. आता नवीन काही घडू द्यायचं नाही. नवं पात्र नाही, नवा आवाज नाही, आणि मुलाने नवीन काही सुचवलं तर 'ते उद्या भुरभुरला विचारू' एवढंच.

वाक्यं लहान करा आणि एक ओळ परत परत येऊ द्या. भुरभुर बुटात शिरला. बूट ऊबदार होता. भुरभुरने जांभई दिली. नाडी सैल होती. भुरभुर पसरला. बूट ऊबदार होता. बाहेर सगळं शांत होतं. बूट ऊबदार होता. प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास घ्या, मुलाला ऐकू जाईल असा, आणि तुमच्या श्वासाची लय लागली की त्याचाही श्वास मागे मागे सावकाश होतो. आवाज कुजबुजीपर्यंत उतरवा. आधीच्या भागात जे शब्द मोठ्याने आले होते तेच इथे लहान करून आणा, टपटप होतं ते आता टिप, टिप.

'आणि तेवढ्यात दार वाजलं, पुढचं उद्या' असं कधीही करू नका. मोठ्यांच्या सिरीयलला ते चालतं, अंधारात एकटं पडलेल्या मुलाला ते दार रात्रभर वाजत राहतं. आणि तात्पर्य पण नको, प्लीज. 'मग यातून आपण काय शिकलो' विचारलं की पेंगुळलेलं मूल सावध होतं आणि खरं उत्तर बाजूला ठेवून तुम्हाला हवं ते उत्तर शोधायला लागतं.

चेक: शेवटच्या वाक्यात पात्र झोपलेलं आहे का? तुमचा आवाज सुरुवातीपेक्षा निम्मा आहे का? मग बरोबर.

७. भीती वाटली तर

साधारण ३ ते ६ या वयात मुलांना हे खोटं आहे असं कळत असतं तरी भीती वाटतेच. त्यामुळे 'अरे ती नुसती गोष्ट होती' या समजुतीचा फार उपयोग होत नाही. मी एकदा सावलीची गोष्ट सांगितली होती, रात्री दिवा गेला की सावली माणसाला सोडून फिरायला जाते. मला ते गोड वाटलं होतं. मुलाने गुपचूप हात वर करून भिंतीवर बघितलं आणि पुढचे आठ दिवस लाईट बंद करू दिला नाही, कारण बंद केला की ती जाणार आणि आलीच नाही तर?

दुरुस्ती रात्री होत नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख उजेडात, अंगणात सावली पायाला चिकटलेली असताना तीच गोष्ट परत काढली आणि त्यालाच विचारलं, ती जाते कुठे? खूप विचार करून म्हणाला, पलंगाखाली झोपते, तिला उजेडात झोप येत नाही. म्हणजे तिच्यासाठीच लाईट बंद करायला हवा. हे त्याने ठरवलं म्हणून चाललं, मी सांगितलं असतं तर चाललं नसतं.

त्यावरून मी पाळते ते असं: धोकादायक काहीही मुलाच्या स्वतःच्या खोलीत, त्याच्या पलंगाखाली, त्याच्या खिडकीत ठेवायचं नाही. घरातलं माणूस हरवणं, आईबाबा सोडून जाणं हे रात्रीच्या गोष्टीत नको. आणि गोष्ट ही धमकी कधीच नाही, झोपला नाहीस तर अमुक येईल असं म्हटलं की पुढच्या सगळ्या गमतीशीर पात्रांवरचा विश्वास उडतो.

८. 'तीच सांग' म्हणाला तर तीच सांगा

आपल्याला कंटाळा येतो, मुलाला नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं होतं की वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या नवे शब्द जास्त लक्षात राहिले. शिवाय पुढे काय होणार ते माहीत असलं की मनाला मोकळीक मिळते, मग ते कडेकडेच्या गोष्टी बघायला लागतं, मोज्याचा रंग कुठला, कपाटात आणखी कोण राहतं.

एक छोटी वही ठेवा आणि त्यात नावं, नियम आणि शेवटची ओळ लिहून ठेवा. भुरभुरचा मोजा काल हिरवा होता आणि आज निळा झाला तर रात्रीचे पावणेनऊ वाजता तुमच्यावर खटला चालतो. बदल करायचाच असेल तर एकच करा आणि विचारून करा, 'आज मोज्याऐवजी टोपी घेऊ का?' पाचव्या-सहाव्या वेळेला तुम्ही अर्धं वाक्य सोडा आणि त्याला पूर्ण करू द्या. मग काही दिवसांनी मधला भाग त्याचा, सुरुवात आणि उतार तुमचा. उतार मात्र बराच काळ स्वतःकडे ठेवा, मुलांना तो जमत नाही, ती शेवटी पण ढगाला नाचवतात.

९. सकाळी

सकाळी गोष्टीवर प्रश्न विचारू नका, चित्र काढ म्हणू नका. कागद आणि खडू हाताशी दिसतील असे ठेवा, तेवढं पुरे. काही आईबाबा रात्री गुपचूप खरे पुरावे पेरतात, बूट ओला करून ठेवतात, मला ते पटत नाही, कारण मग उरलेलं काम पण आपणच केलं. मी बूट जसा होता तसाच दारात ठेवला होता, उजवा, कोरडा. तो उठल्या उठल्या गेला, आत पार मनगटापर्यंत हात घातला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, 'आत्ताच गेला वाटतं. अजून गार आहे.'